क्रूझवर पहिल्या रात्री जेवायचं कुठे?

पहिल्या संध्याकाळी बॅगा केबिनमध्ये उशिरा पोचतात, म्हणून सगळे बुफेकडे धावतात. मी मात्र मुख्य डायनिंग रूममध्येच बसते. पहिल्या रात्री कपड्यांचे नियम सहसा सैल असतात, आणि हे जेवण तिकिटातच धरलेलं असतं. स्पेशालिटी रेस्टॉरंटला बहुधा वेगळे पैसे पडतात.

खरं कारण माझी आई. तिला कांदा-लसूण चालत नाही. पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगितलं, की तो दुसऱ्या दिवशीचा मेनू आधी दाखवून तिचं वेगळं करायला सांगतो. नाहीतर चार दिवस ती दहीभातावर काढेल, वर म्हणेल, “मला भूकच नाही गं!”

दोन पाळ्या असतील तर ज्येष्ठांसाठी लवकरची घ्या. भेटू पुढच्या भागात!