थोरांची चित्रे आणि मुलांचे हात

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



थोर चित्रकारांची चित्रे मुलांपुढे ठेवावीत व त्यांच्या प्रेरणेने मुलांकडून चित्रे काढून घ्यावीत, असे आपणांस वारंवार सांगितले जाते. सूचना उत्तमच आहे. परंतु समोरच्या चित्रातून मुलाने नेमके काय घ्यावयाचे, याचा उलगडा शिक्षकाच्या मनात झालेला नसेल, तर या उत्तम सूचनेचेही नकलेत रूपांतर होते. म्हणून आज तेवढ्याच मुद्द्यावर मी चार शब्द बोलणार आहे.

आपण आपल्या वर्गात ‘हवे ते चित्र काढा’ एवढेच सांगून पाहावे. बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक कौलारू घर आणि एक नारळाचे झाड उमटेल. ज्या गावात डोंगर नाही आणि नारळ देवळातच पाहावयास मिळतो, तेथील मुलेही हेच काढतात. हे चित्र त्यांनी पाहिलेले नसते. पाठ केलेले असते. आता त्याऐवजी वारली चित्रातील तारपा नाच आपण फळ्यावर काढला आणि चाळीस मुलांकडून उतरवून घेतला, तर डोंगरांच्या जागी तारपा येईल, इतकेच. चित्रकाराकडून मुलाने घ्यावयाची ती त्याची पाहण्याची व मांडण्याची रीत.

तीन उदाहरणांनी हे स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण आपल्याच राज्यातील, डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे. वारली समाजात लग्नघरी भिंतीवर चौक लिहिण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. म्हसे यांनी 1970 नंतरच्या दशकात ही रेषा कागदावर आणली आणि शेती, मासेमारी, नाच, मुंग्यांची रांग असे रोजचे जीवन तिच्यातून मांडले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते निवर्तले. त्यांच्या चित्रातील माणूस म्हणजे टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण, डोक्याचे वर्तुळ आणि हातापायांच्या रेषा. वरचा त्रिकोण थोडा कलला की माणूस वाकतो, आणखी कलला की धावू लागतो. हीच रीत मुलांना द्यावी. एका मुलास विहिरीतून पाणी शेंदण्याचा अभिनय करावयास सांगावे. त्याचे खांदे कोठे गेले, कंबर कोठे राहिली, हे इतरांनी पाहावे व मग काढावे. विषय मात्र आपल्या गावचा असावा : कापसाची वेचणी, उसाची मोळी, आठवड्याचा बाजार, एस. टी.ची वाट पाहणारी माणसे. वह्यांना घालावयाचा खाकी कागद गेरूने रंगवावा, तांदळाचे पीठ डिंकाच्या पाण्यात कालवावे आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करावा. खर्च नाममात्र येतो. एक पथ्य मात्र पाळावे. लग्नाचा चौक व त्यातील पालघट देवी हा त्या समाजाच्या श्रद्धेचा भाग आहे. त्याची माहिती मुलांना आदराने द्यावी. शोभेसाठी तो उतरवून घेऊ नये.

दुसरे उदाहरण नंदलाल बोस यांचे. 1938 साली सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या इच्छेवरून त्यांनी मंडपांसाठी मोठी चित्रे तयार केली. येणाऱ्याजाणाऱ्या खेडुतांना ती सहज दिसावीत, हा हेतू होता. त्यांत ढोल वाजवणारा आहे, शिंपी आहे, धान्य कांडणाऱ्या स्त्रिया आहेत. रंग साधे, मातीचे. रेषा जाड आणि निःशंक. आपल्या मुलांना गावातील सुताराकडे किंवा कुंभाराकडे न्यावे. पेन्सिल बरोबर नेऊ नये. दहा मिनिटे केवळ त्याचे हात पाहावेत आणि शाळेत परतल्यावर जाड रेषेने आठवेल तेवढेच काढावे. रबर त्या दिवशी कपाटात राहू द्यावे.

तिसरे उदाहरण दूरचे आहे. फ्रान्सचे आंरी मातीस यांच्यावर 1941 साली मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे उभे राहून चित्र काढणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून, ते जुळवून चित्रे रचली. 1954 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हे काम चालू होते. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून मागच्या रांगेत बसणारे एक तरी मूल प्रत्येक वर्गात असते. त्याच्या हाती पतंगाचा कागद, जुनी दिनदर्शिका व बोथट टोकाची कात्री द्यावी. पाने, पक्षी, मासे असे आकार आधी न आखता थेट कापावयास सांगावे. पेन्सिलीने भिणारे मूल कात्रीने पुष्कळदा धीट होते.

आता वर्गातील क्रम सांगतो. मूळ चित्राची प्रतिकृती पाच-सात मिनिटे दाखवावी. ‘तुला प्रथम काय दिसले? कोण हलते आहे? चित्रकाराने काय गाळले आहे?’ असे प्रश्न विचारावेत. नंतर ती झाकून ठेवावी. फळ्यावर नमुना काढू नये. मुलाच्या कागदावर आपला हात चालवू नये. शिक्षकाने सुधारलेले चित्र मुलाचे राहत नाही. चित्रांना क्रमांक देऊ नयेत. मुलाच्या आजच्या चित्राची तुलना त्याच्याच मागील चित्राशी करावी, आणि त्यासाठी प्रत्येक कागदाच्या मागे तारीख लिहून तो जपून ठेवावा. चित्राखाली मुलाचे नाव आणि ज्याच्याकडून रीत घेतली त्या चित्रकाराचेही नाव असावे. ऋण मान्य करण्याचा संस्कार त्यातून सहज होतो.

यात एक अडचण आहे, ती मी झाकून ठेवीत नाही. अशी चित्रे भिंतीवर लावली की ती एकसारखी दिसणार नाहीत. कोणाचा बैल माणसाहून लहान असेल, कोणाचे घर तिरपे असेल. पाहुण्यांस व वरिष्ठांस नीटनेटकी, सारखी चित्रे आवडतात, हे आपण जाणतो. त्या वेळी ‘ही मुलांनी स्वतः काढलेली आहेत’ असे शांतपणे सांगण्याचे धैर्य शिक्षकाने दाखवले पाहिजे. कारण मूल सहा-सात वर्षांचे असताना निःशंकपणे रेघ ओढते. तेच मूल दहाव्या वर्षी ‘चुकेल’ म्हणून कागद झाकू लागते. ही भीती बहुधा आपल्या नकळत आपणच त्याच्या मनात घालतो. पुढे ती चित्रापुरती राहत नाही. निबंधात, गणितात, चारचौघांत बोलताना ती आडवी येते.

आपल्या वर्गातून फार थोडी मुले चित्रकार होतील. परंतु आपल्या डोळ्यांनी पाहावे व पाहिलेले निर्भयपणे मांडावे, ही सवय प्रत्येकास लागू शकते. येत्या महिन्यात यांपैकी एकच प्रयोग आपण करून पाहावा आणि पुढील परिषदेस येताना वर्गातील सर्व चित्रे बरोबर आणावीत. निवडून आणू नयेत. त्यांवर आपण सविस्तर बोलू.