तळं कुणाचं, पाणी कसलं?

(मुर्धा येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षेपाने)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो,

सकाळपासून मी राई-मुर्ध्याच्या घरांतून फिरले. सगळीकडे एकच विचारलं, तुम्हाला पोहता येतं का? आज्या हसल्या. तलावाकाठी वाढलेल्या बाईला हे काय विचारायचं! सुनांनी मान हलवली, नाही. नाती म्हणाल्या, शिकायचंय, पण पप्पा सोडत नाहीत. तीन पिढ्यांत एक विद्या घरातून गेली आणि कुणी त्याची हळहळसुद्धा केली नाही.

मी सातारा जिल्ह्यातली. पाठीला रिकामा डबा बांधून काकांनी मला विहिरीत ढकललं, तशी शिकले. पाळी आली आणि पोहणं बंद झालं. भावाचं चालूच राहिलं. आई म्हणाली, लोक बघतात. विहीर तीच होती, पाणीही तेच.

तुम्ही म्हणाल, नळ, रेशन, नवऱ्याची दारू सोडून ही बाई पोहण्याचं काय घेऊन बसली? 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी आठवा. ऑक्सफॅमने नंतर दिलेल्या आकड्यांप्रमाणे तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात 146 पुरुष गेले आणि 391 बायका. पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते, तिथे लाट उंच होत नाही. बायका किनाऱ्यावर मासळीची वाट बघत होत्या, कडेवर मुलं होती. आणि पोहणं, झाडावर चढणं त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. उत्तनच्या किनाऱ्यावर आजही होडीची वाट बघत कोण उभं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं आहे की मुलींनी पाण्यात उतरलं पाहिजे. पण कसल्या पाण्यात, हे बघूनच.

इथे मी जरा अडखळते. पाण्याच्या शुद्धतेची भाषा कुणी सुरू केली की मी आधी बघते, कुणाला हाकलायचंय? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक प्याले. त्यानंतर सवर्णांनी त्या तळ्यात शेण-गोमूत्र ओतून त्याचं 'शुद्धीकरण' केलं! पाळीतल्या बाईला पाणवठ्यावरून परत पाठवणारी शुद्धताही त्याच जातीची. ती आपल्याला नको. पाणी बाटतं ते गटाराने. आजही तळ्यावर पाट्या लागतात, 'कपडे धुण्यास मनाई'. साबणाने पाणी बिघडतं हे खरंच आहे, पण गटाराच्या तोंडाशी पाटी लागलेली मी अजून पाहिली नाही.

मी एका कार्यालयात तळ्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागायला गेले होते. त्यांनी सुशोभीकरणाचा नकाशा काढून दाखवला. दिवे, बाकडी, कारंजं, सगळं होतं. गटार कुठून आत येतं, तेवढं नव्हतं. तेव्हा आपण आकडा मागायचा, आणि माहितीच्या अधिकारात लेखी मागायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अंघोळीच्या पाण्याचा निकष आहे : विष्ठेतले जंतू 100 मिलिलिटरमध्ये 500 पर्यंत असावेत, 2500 च्या वर चालतच नाहीत. विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान 5 मिलिग्रॅम हवा. खेडेगावात चोवीस तासांत काळी पडणारी तपासणीची बाटली वापरतात, ती प्यायच्या पाण्यासाठी ठीक आहे. उघड्या तळ्याचं पाणी बहुधा तिला काळं करणारच. किती जंतू आहेत ते ती सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

अहवाल हाती येईपर्यंत डोळे आहेतच. पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग असेल, मासे मरून वर आले असतील, तर पाय घालू नका. ते पाणी गुरांनाही पाजू नका. जोराचा पाऊस पडला की दोन-तीन दिवस थांबा, सगळी घाण वाहून आत आलेली असते. मिठागरात राबलेल्या पायांना भेगा असतात. उंदरा-गुरांच्या मुतातला लेप्टोचा जंतू अशाच जखमांतून शिरतो. 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याने माणसं मेली. पाण्यातून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप भरला तर डॉक्टरला आपण होऊन सांगा, मी तळ्यात उतरले होते. ते विचारतीलच असं नाही. केरळात 2024 पासून मेंदूला सूज आणणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले, त्यांत तळ्यात-नदीत अंघोळ केलेली मुलं होती. तो अमिबा कोमट, साचलेल्या पाण्यातून नाकावाटे वर जातो, पाणी प्यायल्याने नाही. असा आजार क्वचितच होतो, पण झाला तर बहुतेकदा जिवावर बेततो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात सूर मारायचा नाही, डोकं पाण्याबाहेर ठेवायचं आणि तळाचा गाळ ढवळायचा नाही, एवढं पाळता येतं.

आणि पाणी कितीही स्वच्छ असलं तरी ते बुडवतंच. एकटीने जायचं नाही, साडी नेसून खोलात शिरायचं नाही. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नका. ओढणी टाका, रिकामा डबा टाका, काठावर आडवं पडून बांबू पुढे करा. शूरपणा करायला गेलेल्या आयाही बुडाल्या आहेत.

मघाशी दोन आज्या मला म्हणाल्या, आम्ही शिकवू पोरींना. मी त्यांना म्हटलं, अहवाल येऊ द्या. तोवर पालिकेकडे आणखी एक अर्ज करू : तरणतलावात बायका-मुलींसाठी राखीव वेळ, कमी शुल्क, शिकवायला बाई. आंघोळीचा पोशाख नाही म्हणून मुलीला परत पाठवायचं नाही, हेही त्यात लिहायचं आहे.

रविवारी सकाळी सातला तळ्याला फेरी मारायची आहे. किती पाइप आत येतात, कुठून येतात, हे मोजायचं. वही मी आणते. पप्पांनी सोडलं नाही तर त्या मुलीच्या आईने येताना तिला हाताला धरून आणावं.