मोडीत काढण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणा विदुषीचे व्याख्यान ठेवावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने हे काम माझ्यावर सोपवले. मी विदुषी नव्हे. गेली अकरा वर्षे मंडळाचा भांडी-विभाग सांभाळणारी, आणि आपल्यासारखाच संसार करणारी मी एक बाई. तेव्हा व्याख्यानाऐवजी एक कबुली द्यावी आणि त्या ओघात चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच माझा बेत आहे.

मंडळाची जुनी पितळी भांडी मोडीत घालावीत आणि येणाऱ्या पैशातून सभागृहासाठी नव्या खुर्च्या घ्याव्यात, असा ठराव गेल्या मार्गशीर्षात कार्यकारिणीपुढे आला. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत तो आपणापुढे मतासाठी येणार आहे. तो ठराव लिहिला मी. भांड्यांची यादी केली मी, आणि वजनेही मीच मांडली. कारणेही खोटी नव्हती. भांडी जड आहेत. कल्हईवाला आता दारावर येत नाही, आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते. शिवाय कार्य निघाले की लोक स्वयंपाक बाहेर सांगतात आणि कागदी ताटल्या आणतात.

असा ठराव लिहिणारी मीच आज त्याच्या विरुद्ध बोलायला उभी आहे. मत कसे पालटले ते सांगते.

संक्रांतीच्या आधी तीळकूट करताना माझा मिक्सर एकाएकी बंद पडला. नऊ वर्षे वापरातला. मी तो पिशवीत घालून त्याच कंपनीच्या सेवा-केंद्रावर घेऊन गेले. तेथील मुलाने तो उचलून खालची पाटी वाचली आणि म्हणाला, “मॅडम, हे मॉडेल बंद झालं. याचे भाग येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये द्या, नव्यावर तीनशे रुपये सूट मिळेल.” मी विचारले, “पण बिघडलंय काय?” ते त्याला सांगता आले नाही, कारण त्याने मिक्सर उघडलाच नव्हता.

मी नवा घेण्याच्या तयारीनेच घरी आले. पण शेजारच्या सूनबाई म्हणाल्या, “काकू, दोन गल्ल्या सोडून एक जण दुरुस्ती करतात, त्यांना दाखवून तरी बघा.” गेले. त्या गृहस्थांनी चार स्क्रू काढले आणि करंगळीच्या नखाएवढे दोन काळे तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. “काकू, हे कार्बनचे ब्रश. यांतून आतल्या फिरत्या भागाला वीज पोचते. ते झिजायचेच असतात, चपलेचा तळ झिजतो तसे. मोटर ठणठणीत आहे.” त्यांनी नवे ब्रश बसवले, भांड्याखालचा झिजलेला कपलर बदलला आणि एकशे ऐंशी रुपये सांगितले. मी सवयीने म्हणाले, “दीडशे घ्या की.” ते हसून म्हणाले, “काकू, नव्या मिक्सरच्या दुकानात केली असती का घासाघीस?”

भगिनींनो, मला उत्तर सुचले नाही. मी पूर्ण पैसे दिले आणि घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करीत राहिले. कारखान्यातून नवी वस्तू घेताना आपण छापील किंमत मुकाट्याने मोजतो. आणि तीच वस्तू आणखी पाच वर्षे चालती करणाऱ्या माणसाच्या मजुरीतले तीस रुपये मात्र आपल्याला सलतात. मग दुरुस्तीची दुकाने बंद का पडतात, हे कोणाला विचारायचे?

त्या सेवा-केंद्रावरच्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या धन्याचा लाभ नव्या विक्रीत आहे. वस्तू एकदा विकली की विकणाऱ्याचा तिच्याशी संबंध संपला. ती लवकर बिघडली तर त्याचे नुकसान नाही, उलट नवे गिऱ्हाईक मिळते. हा केवळ माझा तर्क नव्हे. १९२४ साली विजेचे दिवे बनवणाऱ्या जगातील मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे संघ केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरवले. ज्या सभासदाचे दिवे त्याहून फार टिकत त्याला दंड होई! चांगले काम केल्याबद्दल दंड, असा तो उफराटा न्याय होता.

आता याच्या उलट व्यवहार पाहा. वस्तू विकायची नाही, भाड्याने द्यायची. म्हणजे वस्तू देणाऱ्याचीच राहते, आणि ती जितकी टिकेल तितका त्याचा लाभ वाढतो. असा मालक जाड पत्र्याचे भांडे घेतो, कान रिव्हेटने पक्के करून घेतो आणि चेमटले तर ठोकून आणतो. आज परदेशांत याला ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव आहे. वस्तू भाड्याने द्यावी, जुनी परत घेऊन नीट करून पुन्हा विकावी, सुटे भाग पुरवावेत, दुरुस्तीचा मोबदला घ्यावा, हे सारे त्यात येते. नाव नवे असले तरी आपल्या आजेसासूला यातले काही नवे वाटले नसते. लग्नाकार्याला भांडी भाड्याने आणायची, झिजले भांडे मोड म्हणून देऊन नवे घ्यायचे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची आणि उरलेले कपडे बोहारणीला द्यायचे, हा घराघरांतला रिवाज होता. बोहारीण ते कपडे भांड्यांच्या बदल्यात घेई. मग ते धुऊन, सांधून, पुन्हा बाजारात विकले जात. कोणाच्या तरी अंगावर ते आणखी काही वर्षे चालत.

पण मी जुन्या काळाचे पोवाडे गायला उभी नाही. एका स्टीलच्या डब्यासाठी आपण त्या बोहारणीला भर उन्हात तासभर बसवून घेत होतो आणि शेवटी आणखी एक साडी कशाला, म्हणून हुज्जत घालत होतो. कल्हईवाला भट्टीच्या धगीत, नवसागराच्या धुरात बसून कथील फिरवी, आणि आपण त्याला पाणीसुद्धा वेगळ्या भांड्यातून देत होतो. त्यांची मुले या धंद्यांत राहिली नाहीत, यात नवल नाही. व्यवस्था चांगली होती. ती चालवणाऱ्यांना मात्र आपण मान आणि दाम दोन्ही कमी दिले. ती पुन्हा उभी करायची असेल तर आधी ही चूक दुरुस्त केली पाहिजे.

जगातही आता याची जाणीव होत आहे. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये एका महिला पत्रकाराने, मार्टिन पोस्टमा यांनी, पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरवले. लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या आणि जाणकारांशेजारी बसून नीट करायच्या. आज अनेक देशांत असे मेळावे भरतात. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्र अशा काही वस्तूंवर, ती दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने ‘राइट टु रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी द्यावी, हा त्याचा हेतू. सेवा-केंद्राने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तो आपल्या वहीत लिहून ठेवा.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कचरा झाला, आणि त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद एक चतुर्थांशाचीही नाही. माझा मिक्सर त्या ढिगात दोन नखाएवढ्या तुकड्यांपायी गेला असता.

मात्र आंधळेपणाने सारेच जपा, असेही मी म्हणणार नाही. गॅसची रबरी नळी मुदतीत बदलायचीच; तिला पट्टी लावणे म्हणजे जिवाशी खेळ. कुकरची रिंग, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच जातीचे नवे बसवावे, तेथे जुगाड नको. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो आणि नव्या धर्तीचा साधारण ३०. दिवसभर फिरणारा पंखा बदलणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पण पंखा नुसता हळू फिरत असेल, तर बहुधा त्याचा लहानसा कपॅसिटर गेलेला असतो. आधी उघडून पाहावे, मग ठरवावे. आणि जे खरोखरच कामातून गेले, ते ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळे द्यावे. आपल्या पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. आपण टाकलेल्यातून उपयोगाचे वेगळे काढण्याचे काम त्या बायाच करीत आल्या आहेत.

आता आपल्या भांड्यांकडे येते. मिक्सरच्या त्या प्रसंगानंतर मी भांडी-विभागाची वही पुन्हा उघडली. गेल्या वर्षी अडतीस कुटुंबांनी भांडी नेली. भाड्याचे एकतीस हजार आले. कल्हई, दुरुस्ती आणि हमाली मिळून नऊ हजार गेले. म्हणजे बावीस हजार मंडळाला उरले, आणि भांडी जागच्या जागी आहेत. मोडीचे पैसे एकदाच येतील. खुर्च्या येतील, आणि काही वर्षांनी त्याही मोडतील. हा हिशेब ठराव लिहिण्यापूर्वीच करायचा होता, तो मी केला नाही.

आणखी एक गोष्ट केली नाही. यादीत मी लिहिले होते, “पातेले, पितळी, मोठे, वजन ६ किलो.” परवा ते माळ्यावरून उतरवून चिंचेने घासले, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव दिसले. ते माझ्या सासूबाईंचे होते. मंडळ निघाले तेव्हा रोख वर्गणी देणे ज्यांना जमले नाही, त्या बायकांनी घरातले एकेक भांडे दिले, असे त्या सांगत. मी त्यांच्या भांड्याचे वजन लिहिले, पण नाव वाचले नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, भांडी मोडीत न घालता त्यांना कल्हई करून घ्यावी. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेचे काम अजून चालते; तेथे चौकशी करण्याचे काम मी घेते. शिलकेतून शंभर माणसांची स्टीलची ताटे, वाट्या व पेले घ्यावेत आणि तेही भाड्याने द्यावेत. थर्मोकोलच्या ताटल्या राज्यात २०१८ पासून बंद झाल्या, त्यांची जागा कागदीने घेतली; ती आपण घेऊ. घासण्याची मजुरी भाड्यातच धरावी आणि घासणाऱ्या बाईला ती पुरी मिळावी.

दुसरी, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सभागृहात ‘दुरुस्तीचा दिवस’ ठेवावा. ते मिक्सरवाले गृहस्थ येण्यास तयार आहेत. जागेचे भाडे त्यांच्याकडून घेऊ नये. त्यांचे दर फळ्यावर लिहावेत, आणि त्यावर कोणी घासाघीस करू नये. मी तर नाहीच करणार! आपल्या मुलींपैकी ज्यांना हे काम शिकायचे असेल त्यांनी शेजारी बसावे. आयटीआयचा विजतंत्रीचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे.

तिसरी सूचना प्रत्येकीच्या घरापुरती. नवी वस्तू घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: याचे सुटे भाग मिळतात का, किती वर्षे मिळतील, आणि दुरुस्त कोण करतो? एकीने विचारले तर तो हसेल. आपण सव्वाशे जणींनी विचारले तर तो कंपनीला विचारील.

खुर्च्या नकोत असे मी म्हणत नाही. आहेत त्यांतल्या सतरा खुर्च्यांची फक्त वेताची वीण गेली आहे, सांगाडे पक्के आहेत. त्यांचेही काही करता येईल. दुपारी ठराव मतास येईल तेव्हा माझे अनुमोदन मी मागे घेईन. आपण काय ते ठरवावे. पातेले खाली टेबलावर ठेवले आहे. मत देण्यापूर्वी प्रत्येकीने काठाखालचे नाव एकदा वाचावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.