पहिला शेजारी कसा सापडतो?

बिटकॉइनच्या जाळ्याला ना मुख्य कार्यालय, ना मालक. मग आज नव्यानं जोडलेल्या संगणकाला बाकीचे संगणक सापडतात कसे?

2009 च्या सुमारास हे संगणक आयआरसी या गप्पांच्या व्यवस्थेतून एकमेकांना गाठत. आता बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरमध्येच काही डीएनएस सर्व्हरची नावं लिहिलेली असतात. नवा संगणक त्यांच्याकडून चालू संगणकांचे पत्ते घेतो. तिथून उत्तर आलं नाही, तर आतच साठवलेली यादी कामी येते. पुढचे पत्ते मग शेजारीच, म्हणजे जोडले गेलेले संगणकच, पुरवतात.

पण पत्ते देणारेच लबाड निघाले तर? 2015 साली संशोधकांनी दाखवून दिलं, की एखाद्या संगणकाच्या सगळ्या जोडण्या बळकावून त्याला उरलेल्या जाळ्यापासून तोडता येतं. हाच एक्लिप्स हल्ला. धोका खरा आहे, म्हणून खबरदारीही कडक. ऐकीव पत्ते एका तक्त्यात राहतात आणि प्रत्यक्ष जोडणी झालेले दुसऱ्यात. स्वतःहून केलेल्या जोडण्या वेगवेगळ्या नेटवर्क-गटांत पसरवल्या जातात. सगळी अंडी एका टोपलीत नकोत.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की शेजाऱ्याच्या शब्दावर इथं काहीच मानलं जात नाही. आलेला प्रत्येक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, नियमांनुसार तपासला जातो, आणि खोटा ब्लॉक पाठवणाऱ्याशी संबंध तोडले जातात. त्यामुळे अनेक लबाडांत एक जरी प्रामाणिक शेजारी असला, तरी ब्लॉकांची खरी साखळी हाती लागते.