उचल

इंग्रजी शिकताना आपल्याला क्रियापदं फारशी छळत नाहीत. छळतात ती त्यांच्या मागं जोडलेली 'अप', 'ऑफ', 'आउट' ही शेपटं. 'पिक' म्हणजे वेचणं, खुडणं. त्याला 'अप' जोडलं की खाली पडलेलं पेन उचलणं म्हणजे 'पिकअप', पोरीला शाळेतून आणणं 'पिकअप', फोन घेणं 'पिकअप', आणि कानावर पडून पडून एखादी भाषा यायला लागली तर तेही 'पिकअप'. पोलिसांनी कुणाला नेलं तरी शब्द तोच.

गंमत अशी की आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, शाळेची पायरी न चढलेला माणूसही हा शब्द सहज वापरतो. फाट्यावर एसटीची वाट बघायला पिकअप शेड असते. घोडेगावच्या बाजारात कांदा पिकअपमधून येतो. जुन्या मोटारसायकलला पिकअप नसतो. गाडी असली की 'ती' पिकअप आणि इंजिनाचा जोर असला की 'तो' पिकअप. शब्द इंग्रजांचा, लिंग मात्र आपण दिलं.

आपलं 'उचलणं'ही काही कमी नाही. फरक एवढाच की इंग्रजीत मागचं शेपूट अर्थ बदलतं, तर मराठीत पुढं बसलेला शब्द. पाऊल उचललं म्हणजे सुरुवात केली. विडा उचलला म्हणजे जबाबदारी घेतली. बेलभंडारा उचलला म्हणजे शपथ घेतली. खर्च उचलला म्हणजे भार सोसला. पाकीट उचललं म्हणजे चोरी केली. कुणाची कविता उचलली तर तीही चोरीच! आमच्या घरात दखनी बोलतात. तिथं हेच काम 'उठाना' करतं. लेकरूही उठाते आणि जनाजाही उठाते.

एका क्रियापदानं तर माणसांवर शिक्का मारला. इंग्रजी अमदानीत ज्या जमाती कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांतल्या एकीला लोक 'उचल्या' म्हणत. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, नाव मात्र चिकटून राहिलं. लक्ष्मण गायकवाड यांनी तेच नाव आपल्या आत्मकथनाला दिलं आणि 1988 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला.

पण आपल्या जिल्ह्यात या क्रियापदाचं सर्वांत जड रूप वेगळंच आहे. ते म्हणजे 'उचल'. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आशियातला तो पहिला मानतात. पुढं जिल्हाभर कारखाने झाले. ऊस उत्तरेच्या पाटपाण्यावर वाढला, तोडायला माणसं मात्र पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून आली. हंगामाआधी मुकादम त्यांना पैसे देतो, ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल कोयत्यावर ठरते. माणसं दोन, पण हिशेबात अवजार एक.

इंग्रजीत याला 'ॲडव्हान्स' म्हणतात. ॲडव्हान्स म्हणजे पुढं जाणं. आपल्या शब्दानं खरं सांगितलं. यात पुढं जाणं नाही, उचलणं आहे. पैसे एकदाच उचलायचे आणि मग थंडीत, पहाटेपासून, उसाच्या मोळ्या डोक्यावर उचलून फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. आजारपणानं दिवस बुडाला तर खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळते. मग त्या वर्षी कुठं जायचं हे माणूस ठरवत नाही, उचल ठरवते. पोरांची शाळा सुटते तीही त्या हिशेबात, पण ती कुणी वहीत लिहीत नाही.

कवी म्हणून मला शब्दांच्या छटा मोजायला आवडतं. त्या मोजताना वाटतं, कोशात एकाखाली एक अर्थ लिहिले की सगळे सारख्याच वजनाचे दिसतात. बोलणाऱ्याच्या तोंडी तसं नसतं. बागायतदार 'उचल' म्हणतो तेव्हा तो खर्चाचा आकडा असतो. तोडणी करणारी बाई 'उचल' म्हणते तेव्हा त्यात लेकीचं लग्न असतं, दवाखाना असतो, मागच्या वर्षीची बाकी असते. शब्द एकच, पण उचलणारा हात वेगळा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या रस्त्यांवर भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर दिसतात. पिकअप शेडमध्ये बसलेले आपण त्यांच्याकडं बघतो आणि आपली एसटी आली की उठतो. पुढच्या वेळी जरा थांबून एखाद्याला विचारा, यंदा उचल किती आणि मागची फिटली का. उत्तरात या शब्दाचा तो अर्थ कळेल, जो अजून कुठल्या कोशात मला नीट उतरलेला दिसला नाही.