वस्त्रे साताऱ्याची, कारभार पुण्याचा

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



या शाळेत सातवीत असताना मी एकदा विचारले होते, "बाहेर सगळे 'प्रधानमंत्री' म्हणतात, मग आपल्या पुस्तकात 'पंतप्रधान' का?" बाई म्हणाल्या, "तो शब्द राजाच्या दरबारातून आला आहे." पुढे आयुष्यभर राज्यघटना शिकवताना त्या उत्तराचे मोल मला कळत गेले. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

१६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या अष्टप्रधानांत पेशवा हा मुख्य प्रधान होता. परंतु त्याची नेमणूक राजाची आणि त्याची बडतर्फीही राजाचीच. शाहू महाराजांच्या काळात हे पद एका घराण्याकडे गेले. १७१३मध्ये बाळाजी विश्वनाथ, १७२०मध्ये बाजीराव आणि १७४०मध्ये नानासाहेब पेशवे झाले. तरीही अंतिम सत्ता साताऱ्याचीच होती. १७४७मध्ये शाहू महाराजांनी नानासाहेबांना काही काळ पदावरून दूर केले होते, हे आपण सहसा विसरतो.

शाहू महाराज १७४९च्या डिसेंबरात निवर्तले. पुढच्याच वर्षी सांगोल्याला झालेल्या करारानंतर राज्याचा कारभार पुण्यातून चालू लागला. छत्रपती साताऱ्यास राहिले. पण निर्णय घेण्याची सत्ता त्यांच्याकडे राहिली नाही. एक प्रथा मात्र टिकली. प्रत्येक नव्या पेशव्याला अधिकाराची वस्त्रे साताऱ्याहूनच मिळत. त्यांवाचून पेशवाई विधिवत मानली जात नसे.

या प्रथेची कसोटी १७७३मध्ये लागली. नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि ज्यांच्यावर संशय होता त्या रघुनाथरावांनाच पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढच्या वर्षी पुरंदरावर नारायणरावांचा मुलगा जन्मला, तेव्हा तीच वस्त्रे अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकाच्या नावे आली. वस्त्रे देण्याचा अधिकार छत्रपतींचा होता. ती नाकारण्याचे सामर्थ्य मात्र उरले नव्हते. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. पण त्यांना पदावरून खाली उतरवू शकेल अशी कोणतीही सभा राज्यात नव्हती. ते काम अखेर बारभाईंच्या कारस्थानाला आणि युद्धाला करावे लागले.

आता त्याच काळातले इंग्लंड पाहा. बाजीराव पेशवे झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १७२१मध्ये, रॉबर्ट वॉलपोल कारभाराच्या प्रमुखपदी आले. त्यांना पहिले पंतप्रधान मानतात. तेथेही सत्ता राजाकडून मंत्र्याकडे सरकत होती. फरक पडला तो १७४२मध्ये. राजाची मर्जी कायम असतानाही वॉलपोल यांना पद सोडावे लागले, कारण कॉमन्स सभेतील बहुमत त्यांच्यामागे राहिले नाही. १८३४मध्ये चौथ्या विल्यम राजाने मेलबर्न यांचे मंत्रिमंडळ घालवले; परंतु त्याने निवडलेले पील सभागृहात बहुमत मिळवू शकले नाहीत आणि काही महिन्यांतच मेलबर्न परत आले. त्यानंतर ब्रिटनमध्ये कोणत्याही राजाने सरकार बडतर्फ केलेले नाही.

आज तेथे मंत्री नेमणे, संसदेचे अधिवेशन संस्थगित करणे ही कामे राजाच्या नावे आणि पंतप्रधानांच्या सल्ल्याने होतात. पण त्या सल्ल्यालाही मर्यादा आहे. २०१९मध्ये पाच आठवड्यांसाठी संसद संस्थगित करण्याचा सल्ला राणीला देण्यात आला आणि तिने तो मानला. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने तो सल्ला बेकायदा ठरवला. राणीला नाही म्हणणे शक्य नव्हते, म्हणून ते न्यायालयाला म्हणावे लागले.

दोन्ही ठिकाणी राजाचे अधिकार प्रधानाच्या हाती गेले. एके ठिकाणी त्या प्रधानाला जाब विचारणारी सभा उभी राहिली. दुसरीकडे ती उभी राहिली नाही. आपल्याकडे कर्तृत्व कमी होते असे नव्हे. थोरल्या माधवरावांसारखा पेशवा लाभला तेव्हा राज्य सावरले. पण चांगला माणूस मिळणे हा दैवयोग होता, व्यवस्था नव्हती.

आपल्या घटनेने राजा ठेवला नाही. पण हे नाते ठेवले. अनुच्छेद ७४प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, त्यापलीकडे नाही. आणि अनुच्छेद ७५प्रमाणे ते मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. पहिल्या अनुच्छेदाने सत्ता दिली, दुसऱ्याने तिला लगाम घातला. दुसरा ढिला पडला, तर पहिला केवळ वस्त्रे देण्याचा समारंभ उरेल.

पालकांना एवढेच सांगतो की, तो लगाम शेवटी प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाच्या हाती असतो. बाईंनी त्या दिवशी मला गप्प बसवले असते, तर मी आज इथे उभा नसतो. आपली मुले घरी येऊन 'का' असे विचारतील, तेव्हा त्यांना उत्तर द्या. आणि उत्तर नसेल तर त्यांच्याबरोबर ते शोधा.