हृदयाचे द्वारपाल

मनगटावर बोटें ठेवून नाडी पाहिली, तर मिनिटास सुमारें ७० ठोके भरतात. म्हणजे दिवसाकाठीं एक लाख. हें काम जन्माच्या आधींच सुरू होतें आणि मरणापर्यंत त्याला सुटी नाहीं. तें चालतें अन्नाच्या व प्राणवायूच्या बळावर, हें खरें. परंतु ‘आतां आकुंचन पाव’ आणि ‘आतां सैल हो’ ही आज्ञा हृदयाच्या स्नायूस पोंचविणारा निरोप्या निराळाच आहे. तो म्हणजे कॅल्शियम. चुन्यांत, हाडांत आणि दुधांत असणारें नेहमींचेंच द्रव्य.

ही गोष्ट प्रथम उमगली ती लंडन येथें. युनिव्हर्सिटी कॉलेजांतील डॉक्टर सिडनी रिंगर हे बेडकाचें हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यावर चालूं ठेवण्याचे प्रयोग करीत असत. १८८२ सालच्या प्रयोगांत तें हृदय उत्तम चाललें. पुढें असें आढळून आलें कीं, तें द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचें नसून साध्या नळाच्या पाण्याचें होतें. शुद्ध पाणी घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हां ठोके क्षीण होत होत थांबले. नळाच्या पाण्यांतील कॅल्शियमचा अल्पसा अंश हाच त्या हृदयाचा आधार होता, हें रिंगर यांनीं १८८३ सालीं दाखवून दिलें.

मात्र हें द्रव्य जितकें आवश्यक, तितकेंच धोक्याचें. पेशीभोंवतालच्या द्रवांत मोकळें कॅल्शियम जेवढें असतें, त्याचा सुमारें दहा हजारावा हिस्साच विसावलेल्या पेशीच्या आंत असतो. धरणाच्या भिंतीच्या एका अंगास पाणी तुडुंब आणि दुसऱ्या अंगास नुसता ओलावा, तशी ही स्थिति. भिंत म्हणजे पेशीचें पातळ, स्निग्ध पटल. त्यांतून कॅल्शियमला सहसा वाट मिळत नाहीं. वाट असते ती पटलांत रोवलेल्या विशिष्ट प्रथिनांतून. हींच प्रथिनें हृदयाचे द्वारपाल होत.

ठोका पडावयाचा म्हणजे प्रथम विद्युत्‌लहर पेशीवरून जाते. तिच्या स्पर्शानें बाहेरच्या पटलांतील एक दार क्षणमात्र उघडतें व थोडेंसें कॅल्शियम आंत शिरतें. एवढ्यानें काम भागत नाहीं. पण पेशीच्या आंत जाळीदार कोठारें आहेत, आणि त्यांच्या दारावरचा पहारेकरी या थोड्याशा कॅल्शियमनेंच जागा होतो. त्यानें दार उघडतांच कोठारांतील सांठा बाहेर लोटतो व पेशींतील कॅल्शियम सुमारें दसपटीनें वाढतें. तें ट्रोपोनिन नांवाच्या प्रथिनास जाऊन चिकटतें, स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात आणि हृदय आकुंचन पावतें.

आतां सैल होणें आलें. आकुंचनाइतकेंच तेंहि महत्त्वाचें; कारण हृदय सैल झालें नाहीं, तर त्यांत रक्त भरणार कसें? यासाठीं कोठाराच्या पटलांतील एक पंप इंधन खर्चून बहुतेक कॅल्शियम पुन्हां आंत ओढून घेतो. उरलेलें बाहेर घालविण्याचें काम दुसऱ्या एका प्रथिनाकडे असतें. त्याचा व्यवहार देवघेवीचा आहे: सोडियमचे तीन कण आंत घ्यावयाचे आणि कॅल्शियमचा एक कण बाहेर द्यावयाचा. जेवढें आलें तेवढेंच गेलें पाहिजे, हा या संसाराचा जमाखर्च. आणि तो प्रत्येक ठोक्यास मिटवावा लागतो.

या जमाखर्चांत हात घालणारें एक औषध मनुष्यास फार पूर्वीं सांपडलें होतें. इंग्लंडांतील वैद्य विल्यम विदरिंग यांनीं १७८५ सालीं डिजिटॅलिस या झाडाच्या पानांचा जलोदर व अंगावरील सूज यांवरील गुण लिहून ठेवला. त्याचें मर्म कळण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनीं १९५७ सालीं सोडियम बाहेर काढणारा पंप शोधून काढला. त्याबद्दल त्यांस १९९७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. डिजिटॅलिस हाच पंप मंदावतें. मग पेशींत सोडियम वाढतें, देवघेव थंडावते, कॅल्शियम सांठतें आणि दुबळें हृदय जोरानें आकुंचन पावूं लागतें. परंतु मात्रा थोडी चढली, कीं ठोके विस्कळित होऊन प्राणावर बेततें.

आपल्या अंगणांतील कण्हेर आणि बिट्टी यांत याच जातीचें विष आहे. देवाला वाहिलेलें फूल मुलानें तोंडांत घालूं नये, हा घरांतील वडील माणसांचा धाक अगदीं सार्थ होय. बिट्टीची बी पोटांत गेल्याची शंका आली, तरी घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

द्वारपालच सदोष असतील, तर काय होतें? कित्येक थकलेल्या हृदयांत कोठाराचा पंप मंद पडतो. सांठा अपुरा राहतो, ठोका दुबळा होतो व सैल होण्यासहि विलंब लागतो. त्या पंपाचें जनुक हृदयांत घालून पाहणाऱ्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल २०१५ सालीं लागला. अपेक्षित लाभ दिसला नाहीं. दुसरा दोष जन्मजात असूं शकतो. कोठाराचा पहारेकरी कच्चा असला, तर धांवतांना किंवा भयानें दचकतांना कॅल्शियम अवेळीं गळतें आणि ठोके बेताल होतात. असें मूल एरवीं अगदीं सुदृढ दिसतें; नेहमींच्या हृदयलेखांतहि कांहीं आढळत नाहीं. म्हणून खेळतांना वा पोहतांना बेशुद्ध पडलेल्या मुलास ‘उन्हाची भोंवळ आली’ म्हणून सोडून देऊं नये. त्याला हृदयाच्या तज्ज्ञास दाखवावें, आणि कुटुंबांत कोणी तरुणपणीं अकस्मात् गेलें असल्यास तेंहि सांगावें. या विकारावर औषधें आहेत, आणि वेळीं निदान झाल्यास त्यांनीं जीव वांचतात.